धवलारणीचा ॲम्प्लिफायर

आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी काउंटरवरच्या सदानंदकडे बघतं, मग आत टेबलावर वाकून बसलेल्या माझ्याकडे, आणि विचारतं, "मेकॅनिक कधी येणार?" सदानंद म्हणजे माझा नवरा. तो हातातलं काम न थांबवता सांगतो, "आलेत. चष्मा पुसतायत." हे इतक्या वेळा झालंय की आता चष्मा स्वच्छ असला तरी मी तो पुसते.

पनवेलला उरण नाक्याजवळ आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाआधी मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात रेडिओ जोडणाऱ्या बायकांच्या रांगेत बसायचे, तिथं हात बसला. सदानंदला माणसांशी बोलता येतं आणि मला पार्टांशी, म्हणून दुकान चाललं. न्हावा शेवा बंदराकडे जाणारा ट्रेलर नाक्यावरून वळला की आमच्या फळीवरचे पेचकस खुळखुळतात. तो जवळ आला की मी हातातलं डाख लावायचं तापलेलं आयर्न वर उचलून धरते, गेला की पुन्हा टेकवते. इतक्या वर्षांत हात आपोआप उचलला जातो. घरी भाजी ढवळतानाही ट्रेलर ऐकला की पळी वर येते.

मोहल्ल्यातले एक चाचा दुबईहून आणलेला टू-इन-वन दर ईदच्या आधी घेऊन यायचे. "बेटी, याला काय झालेलं नाय, फक्त एकदा उघडून बघ, दिलाला तसल्ली." मी उघडायची, धूळ झटकायची, बंद करायची. एका बाईंच्या रेडिओत पालीनं अंडी घातली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत त्यांनी रेडिओ आमच्याकडेच ठेवला आणि रोज चौकशी करायला यायच्या, रेडिओची नव्हे. अशी माणसं पुष्कळ. आता ती कमी झालीत. बिघडलेली वस्तू हल्ली उघडत नाहीत, टाकतात. टीव्ही आला तर पूर्ण बोर्ड बदलायचा, नाहीतर नाही म्हणायचं. माझ्या टेबलावर दुपारी दुपारी काही नसतं.

अशाच एका रिकाम्या दुपारी बाळारामदादा आले.

सत्तरीच्या पुढचा माणूस. पांढरा सदरा, खाली पँट, हातात चपलांचं खोकं. बंदरात माल उचलणारा विंच चालवून निवृत्त झालेले. मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं, आता करंजाड्याला मिळालेल्या प्लॉटवर घर आहे, एवढं त्यांनी खोकं उघडायच्या आधीच सांगितलं. सदानंदला आमच्या नेहमीच्या वाक्याची संधीच मिळाली नाही. ते सरळ माझ्याकडे आले.

"वैनी, ह्यो मी बनवलाय. वाजतंय, पन त्याच्यात कायतरी खोट हाय."

खोक्यात हिरवा सर्किट बोर्ड होता आणि त्यावर शेवग्याच्या बियांएवढे सोल्डरचे गोळे. हेडफोन ॲम्प्लिफायरचं किट होतं ते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फोनमधून किंवा माइकमधून येणारा आवाज बारीक असतो. तो हेडफोनमध्ये भरून, स्वच्छ ऐकू यावा म्हणून मध्ये एक छोटी पेटी लावतात, ती म्हणजे हेडफोन ॲम्प्लिफायर. तयार मिळते, तशी किट म्हणूनही मिळते. किट म्हणजे पिशवीत एक छापील बोर्ड आणि मूठभर पार्ट. चित्र बघून एकेक पार्ट आपापल्या भोकात बसवायचा आणि मागून सोल्डर, म्हणजे शिसं-कथलाचा डाख, लावायचा. हौशी मुलं करतात. सत्तरीचा विंचवाला मी पहिल्यांदाच बघत होते.

"तयार का नाही घेतलात?" मी विचारलं.

"तयार घेतला तं बायको म्हनंल, आनलान विकत नि दिलान टाकून. माज्या हाताचा हाय म्हनलं तं नाय म्हनाची नाय."

मग त्यांनी बायकोबद्दल सांगितलं. चांगुणाबाई धवलारीण. आमच्याकडच्या आगरी लग्नांत मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणतात. देवांना, पूर्वजांना, गावच्या वेशीला गाण्यातून आमंत्रण जातं, आणि ते देणारी बाई ती धवलारीण. भटजी असले तरी तिच्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. चांगुणाबाईंनी आपल्या आत्याकडून हे गाणं उचललं होतं आणि गावातल्या निम्म्याअधिक जोडप्यांना त्यांच्याच आवाजात हळद लागली होती.

पण दोनेक वर्षांपासून त्यांना ऐकू येईनासं झालं. एक कान जवळजवळ गेला, दुसऱ्यात थोडं उरलं. कानाचं मशीन आणलं. त्यात बोलणं कळायचं, पण गायला तोंड उघडलं की शिटी वाजायची आणि स्वतःचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायचा, म्हणून त्यांनी ते काढूनच ठेवलं. एका लग्नात त्या मशीन न लावताच गायला बसल्या. सूर कुठल्या कुठे गेला आणि त्यांना कळलंच नाही. पोरी तोंडाला पदर लावून हसताना दिसल्या तेव्हा कळलं. त्यानंतर त्या गायल्या नव्हत्या.

"आता नातीचं लगीन हाय," बाळारामदादा म्हणाले. "तुळशीचं लगीन झाला का आमचा मांडव. पोरगा म्हनतंय, दुसरी धवलारीन आनू, नायतं मोबाइलवरचं गानं लावू. ती कायच बोलत नाय. नुसती भांडी घासत बसते."

त्यांच्या भाच्यानं सुचवलं होतं की कान झाकणारे मोठे हेडफोन आणि समोर चांगला माइक असला तर शिटी वाजणार नाही, स्वतःचा आवाज मोठा आणि मोकळा ऐकू येईल. भाच्याची कल्पना बरोबर होती. त्यानं फोनवरून हेडफोन, माइक आणि हे किट मागवून दिलं आणि तो ड्युटीवर सुरतेला गेला. बाळारामदादांनी मग घरच्या जाड आयर्ननं, बादल्या डाखायच्या आयर्ननं, ते जोडलं होतं.

मी सगळ्यात आधी विचारलं, "कानाला लावून बघितलंत का त्यांच्या?"

"नाय. आदी माज्या लावला. चालू करताना धाप्पकन आवाज झाला. मना ता बरा नाय वाटला. म्हनून आनला."

त्या एका वाक्यासाठी माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला. पुष्कळ लोकांनी तो आवाज सोडून दिला असता.

मी आधी सोल्डर काढून सगळे सांधे नीट केले. आवाज सुधारला, पण त्यामागे एक सतत 'सूं' येत होतं, आणि स्विच टाकला की धप्प. मग मीटर लावला. ॲम्प्लिफायरमधून हेडफोनकडे फक्त आवाज जायला हवा. यातून आवाज नसतानाही वीज झिरपत होती. ती हेडफोनचा पडदा एका बाजूला ताणून धरते, आणि चालू-बंद करताना तोच पडदा कानावर दणका देतो. धडधाकट कान तो सोसतो. चांगुणाबाईंच्या कानात जे थोडं उरलं होतं, त्यावर मी तो दणका पडू देणार नव्हते.

अशा वेळी शंका पार्टांवर जाते. झिरप अडवायला कपॅसिटर असतात, छोट्या उभ्या डब्यांसारखे. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी समजा. टाकीवर लिहिलंय हजार लिटरची आणि पाणी मावतंय तीनशे, तेही गळतंय, असा हा प्रकार निघाला. एक डबा मी कापून उघडला. आत दुसरा, लहान, हलका कपॅसिटर बसवलेला होता. वरचं आवरण आणि त्यावरचे आकडे निव्वळ शोभेचे. मग आठ पायांची काळी चिप बघितली. ती आवाज वाढवते. कापसावर थिनर घेऊन पुसली, तर तिच्यावरचं नाव कापसावर आलं आणि खाली दुसरीच, हलक्या जातीची छपाई दिसली. म्हणून ते 'सूं'.

बाळारामदादा समोरच्या स्टुलावर बसून बघत होते. कापसाचा काळा डाग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी बनवला ता चुकलाच."

"तुमचं चुकलं नाही. सांधे वाईट होते, ते मान्य. पण ते कुणाचेही पहिल्यांदा वाईट असतात. पार्ट खोटे होते. ते तुम्ही बनवलेले नव्हते."

त्यांनी तो कापूस उचलून बघितला. मग म्हणाले, "बंदरात कंटेनर सील करून येत व्हता. वरती लिवलेला येक नि आतमंदी निघाला दुसरा, तं आमी बोंबलायचो. हितं कोनाच्या नावानं बोंबलायचा?"

 ज्यानं किट विकलं तो कुठल्या गावचा, तेही पाकिटावर नव्हतं. पूर्वी पार्टांच्या दुकानदाराला आम्ही तोंड बघून ओळखायचो. एखादा पार्ट वाईट निघाला तर पुढच्या खेपेला तो दुकानदार स्वतःच बदलून द्यायचा आणि वर चहा पाजायचा. आता तोंड दिसत नाही, फोटो दिसतो. माझ्यासारखीला हे जड जातं, कारण मी आयुष्यभर पार्टवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून काम केलं. आता प्रत्येक पार्ट बसवण्याआधी मीटरला लावावा लागतो, जसं दूध घेताना बोट बुडवून बघावं तसं.

सदानंद काउंटरवरून म्हणाला, "दादा, मी तुम्हाला चांगला तयार ॲम्प्लिफायर बघून देतो. कशाला डोक्याला त्रास?"

बाळारामदादांनी नुसती मान हलवली. मग बोर्डवर हात ठेवून मला म्हणाले, "वैनी, ह्योच नीट करायचा. पार्ट बदला, पन डाख मी लावीन. तुमी शिकवा."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेलं आणि बिघडलेलं दुरुस्त केलं. कुणासाठी म्हणून, त्या माणसाच्या मापानं, नवीन काही कधी बनवलं नव्हतं.

पण आधी एक अट घातली. "मी बोर्ड बघते, कान बघत नाही. चांगुणाबाईंच्या कानाच्या डॉक्टरांना विचारा, असं काही लावलं तर चालेल का आणि किती मोठा आवाज चालेल." ते दुसऱ्याच दिवशी विचारून आले. डॉक्टरबाईंनी बेताचा आवाज आणि थोडा थोडा वेळ, अशी परवानगी दिली होती, आणि पेटी तयार झाली की आधी त्यांच्याकडे आणून दाखवा असं बजावलं होतं.

कपॅसिटर आणि चिप मी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या दुकानातून मागवली. त्या दुकानदाराचा आवाज मी फोनवर ओळखते, तो माझा खोकला ओळखतो. आल्यावर तरीही एकेक मोजलं. सगळं खरं निघालं. आवाज कमी-जास्त करायचं बटण मात्र मी आमच्या माळ्यावरच्या एका जुन्या जपानी टेपमधून काढलं. किटमधलं बटण फिरवताना खरखर व्हायची आणि आवाज अचानक उडी मारायचा. जुनं लोण्यासारखं फिरत होतं. जुने कपॅसिटर कधी वापरू नयेत, ते आतून वाळतात. चांगलं बटण मात्र सहसा मरत नाही. शिवाय एक रिले घातला. रिले म्हणजे विजेवर चालणारं दार. पेटी चालू झाली की आतलं सगळं स्थिर होईपर्यंत ते दार बंद राहतं, मग 'टिक' करून उघडतं आणि तेव्हा कुठे हेडफोनला आवाज मिळतो. धप्प जे व्हायचं ते दाराच्या आत होऊन जातं. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या मर्यादेपलीकडे आवाज जाणार नाही, अशीही सोय केली. बॅटरीवर ठेवलं, म्हणजे मांडवात लाइट गेली तरी अडायला नको.

बाळारामदादा रोज दुपारी जेवून यायचे. मी माझं बारीक टोकाचं आयर्न त्यांच्या हातात दिलं.

"आधी पार्टचा पाय तापवायचा, मग सोल्डर लावायचं. सोल्डर आयर्नला नाही लावायचं, तापलेल्या पायाला लावायचं. मग ते आपसूक पळत जाऊन बसतं."

सुरुवातीला आयर्नचं टोक पायावरून घसरायचं. मी त्यांना मनगट टेबलावर टेकवायला सांगितलं. एक सांधा जमला, चकचकीत, छोट्या डोंगरासारखा, तसे ते बोर्ड हातात घेऊन दाराच्या उजेडात गेले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. ट्रेलर आला की आता दोन आयर्न वर उचलली जायची. सदानंदला हसू यायचं.

काम करताना ते बोलायचे. तरुणपणी एका लग्नात ते मांडवाच्या मागच्या बाजूला वांगी चिरत बसले होते. पुढून धवला ऐकू आला. गाणारी दिसत नव्हती, मध्ये केळीचे खांब आणि बायकांची गर्दी. "मी आचाऱ्याला इचारला, ह्यो आवाज कोनाचा? तो म्हनला, भांडी धुवाला जा, दिसंल. मी भांडी धुवाला गेलो. तवापासून धुतोय." असं म्हणून ते हसले आणि सोल्डर भलतीकडे सांडलं.

पेटी तयार झाली. लाकडाची, सागाच्या तुकड्यांची, तीही त्यांनीच केली. आमचा एक नियम आहे. नवीन जोडलेलं काही असेल तर आधी टाकाऊ हेडफोनवर वाजवायचं, मग माझ्या कानावर, मग गिऱ्हाइकाच्या. मी कानाला लावलं. स्विच टाकला, 'टिक' झालं, आणि मग काहीच नाही. 'सूं' नाही, खरखर नाही, नुसती शांतता. माइक दाराकडे केला तर रस्त्यापलीकडे नारळवाला कुणाला तरी मलईचा की पाण्याचा असं विचारत होता, ते शेजारी उभा असल्यासारखं ऐकू आलं. मी हेडफोन सदानंदला दिला. त्यानं ऐकलं आणि यावेळी काही थट्टा केली नाही.

डॉक्टरबाईंनी पेटी तपासून होकार दिला. मग एका सकाळी मी बाळारामदादांबरोबर रिक्षानं करंजाड्याला गेले. आजूबाजूला सात-सात मजल्यांच्या इमारती आणि मध्ये यांचं बसकं घर, ओट्यावर वाळत घातलेलं सुकट. चांगुणाबाई लहानखुऱ्या, नाकात मोठी नथीसारखी चमकी, डोळे अतिशय तीक्ष्ण. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस बघतो फार, तसे.

पेटी बघताच त्या उठून उभ्या राहिल्या. "मना मशीन लावून मांडवात नाचवताव काय? लोकं हसली तेवढी बस झाली."

 बाळारामदादांनी पेटी उलटी केली, खालचं झाकण काढलं आणि बोर्डाची मागची बाजू बायकोपुढे धरली. एकेका सांध्यावर बोट ठेवत दाखवायला लागले. हा मी लावला. हा पण मी. चांगुणाबाईंनी ते बोट बघितलं. बोटावर भाजल्याचे दोन डाग होते. त्या खाली बसल्या. "आयकते फक्त," त्या म्हणाल्या. "गानार नाय."

मी बटण अगदी खाली ठेवून हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. 'टिक' झालं. माइक बाळारामदादांच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, बोला.

"चांगू," ते म्हणाले. 

मी बटण हळूहळू वर नेलं. ते पुन्हा म्हणाले, "चांगू, आयकू येतंय काय?"

चांगुणाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा आवाज म्हातारा झाला."

बाळारामदादा हसले, मी हसले. त्या हसल्या नाहीत. दोन वर्षं त्यांनी त्या माणसाचे ओठ हलताना बघितले होते आणि मनात त्याचा जुना आवाज भरून घेतला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग त्यांनी आपणहून माइक ओढून घेतला आणि अगदी हळू एक ओळ गुणगुणली. मध्येच थांबल्या. पुन्हा तीच ओळ म्हटली. वरच्या जागी आवाज फाटला आणि या वेळी तो त्यांना स्वच्छ ऐकू आला. त्यांनी हेडफोन काढून चटईवर ठेवला.

"ह्यो माजा नाय," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

बाळारामदादा पेटीकडे बघत होते. "अजून येखादा पार्ट खोटा असंल काय, वैनी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या स्वरात इतकी आशा होती की मला हो म्हणावंसं वाटलं. पण मी एकेक पार्ट मोजून बसवला होता. "नाही दादा," मी म्हटलं, "सगळे खरे आहेत." परत येताना रिक्षात मी विचार करत होते की थोडं 'सूं' ठेवलं असतं, आवाज थोडा गोड करून दिला असता, तर बरं झालं असतं का. अजूनही ठरवता येत नाही.

त्यानंतर ते बरेच दिवस आले नाहीत. दिवाळी आली, गेली. सदानंदनं दोनदा फोन करू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. मग एका दुपारी ते आले, या वेळी रिकाम्या हातानं, आणि स्टुलावर बसून आवाज खाली आणून म्हणाले, जणू बायको शेजारीच आहे, "ती लावते."

"काय?"

"दुपारी मी भाईर जातो असं सांगतो नि ओट्यावर बसतो. ती दार लावते नि गाते. पयल्या दिवशी दोन ओळी. आता सगला धवला म्हनते. पन पयल्यासारखा नाय. आता खालून लावते. आवाज खाली आनलाय तिनं. येवडी वर्सं वर गायली, आता खाली गाते. मना तर खालचाच गोड वाटतंय."

"तुम्ही ओट्यावर आहात हे त्यांना माहीत आहे?"

"ठाव असंल. चा दोघांचा ठेवते."

लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. मांडवाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. आंब्याच्या डहाळ्या बांधून झाल्या होत्या. कोपऱ्यात डीजेची भिंतीएवढी खोकी उभी होती, अजून बंद. बायका जमल्या होत्या, त्यांत मागच्या लग्नात हसलेल्या पोरीही असणार. चांगुणाबाई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसल्या. डोक्यावरचा पदर मागे घेऊन त्यांनी सगळ्यांच्या देखत हेडफोन कानांवर बसवला आणि वरून पदर पुन्हा घेतला. माइक खांद्याशी टाचला होता. पेटी मागे बसलेल्या बाळारामदादांच्या मांडीवर. कुणीतरी कुजबुजलं. चांगुणाबाईंना ते ऐकू आलं, कारण त्यांनी त्या बाजूला बघितलं, आणि कुजबूज थांबली.

त्यांनी धवला लावला. खर्जात, संथ. मला त्या गाण्यातलं फारसं कळत नाही. देवांची नावं येत होती, गावाच्या जुन्या वेशीचं नाव आलं, जिथे आता धावपट्टी आहे, आणि म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मग एका ठिकाणी, सवयीनं असेल, त्यांचा आवाज जुन्या उंचीवर जायला निघाला आणि फाटला.

त्या थांबल्या.   बाळारामदादांनी बटणाला हात लावला नाही. चांगुणाबाई एक क्षण ऐकल्यासारख्या बसल्या, मग शांतपणे मागच्या ओळीवर गेल्या आणि ती जागा खालून घेतली. सूर बरोबर बसला. कुणी हसलं नाही. मला वाटतं पुष्कळांना वाटलं असेल की तिथं थांबायचंच असतं. पण सदानंदनं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांना कळलं होतं. मागच्या वेळी त्यांना चुकलेलं कळलं नव्हतं. या वेळी सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं.

विधी झाल्यावर पंगतीची धावपळ सुरू झाली. मी निरोप घ्यायला घरात गेले. चांगुणाबाई आतल्या खोलीत नवऱ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानावरून काढला होता आणि बाळारामदादांच्या कानांवर बसवत होत्या, पांढरे केस नीट बाजूला करत.

मला बघून त्या म्हणाल्या, "ह्यांना बी आयकू येत नाय वैनी. बंदरावरच्या आवाजानं कान गेलेत. कोनाला सांगत नायत. नुसते मान हलवतात."

मी बाळारामदादांकडे बघितलं. इतक्या दुपारी माझ्यासमोर बसले, माझं बोलणं ऐकलं, आणि मला कधी संशय आला नव्हता. ओट्यावर बसून बंद दाराआडचं गाणं त्यांनी किती ऐकलं असेल आणि किती नुसतं मनात म्हटलं असेल, देव जाणे. ते खाली मान घालून बसले होते, चोरी पकडल्यासारखे.

चांगुणाबाईंनी बटण अगदी खाली नेलं, मी नेलं होतं तसंच. मग माइक तोंडाजवळ धरला आणि हळूहळू बटण वर नेत, जाताना-येताना कुणाला ऐकूही जाणार नाही इतक्या बारीक आवाजात, सकाळचाच धवला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.